भागधारकाने दाद कोठे मागावी?

लोणावळ्याहून दक्षिणेस निघालेला रस्ता भुशीचे धरण व घाटमाथ्यावरील कडे मागे टाकून सुमारे वीस-बावीस किलोमीटरांवर कोरीगडाच्या पायथ्याशी येऊन पोचतो. या जुन्या गडाच्या तटावर उभे राहिले म्हणजे खाली एक आखीव नगर दृष्टीस पडते. त्यात बांधीव तळी आहेत, डोंगरउतारावर ओळीने बसविलेले बंगले आहेत, हिरवळीची मैदाने आहेत, आणि लहान विमानांसाठी धावपट्टीही आहे. मुळशी तालुक्यातील आंबवणे गावाच्या परिसरात सहारा उद्योगसमूहाने वसविलेले हे नगर अ‍ॅम्बी व्हॅली या नावाने ओळखले जाते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने हे अख्खे नगर लिलावास निघाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑफिशियल लिक्विडेटरने जाहिरात दिली व किमान किंमत ३७,३९२ कोटी रुपये ठरविली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बोलीची मुदत संपली, तेव्हा एकही बोली आलेली नव्हती.

ज्यांच्या पैशाच्या वसुलीसाठी हा लिलाव पुकारला गेला ते कोट्यवधी लोक न्यायालयात हरलेले नव्हते. त्यांच्या बाजूचा निकाल पाच वर्षांपूर्वीच लागला होता. निकाल हाती आहे, मालमत्ता डोळ्यांसमोर आहे, आणि तरीही पैसा मालकाच्या हाती पोचत नाही, अशी ही अवस्था. ती कशी आली हे समजून घ्यावयाचे तर एक जुना प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. दुसऱ्याच्या हाती विश्वासाने पैसा सोपविणाऱ्या मनुष्याने, तो पैसा सांभाळणाऱ्यांचा कारभार बिघडला असता, दाद कोठे व कशी मागावी? या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील काही महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्राच्या भूमीवरच घडलेली आहेत.

संयुक्त भांडवलाची कंपनी म्हणजे मुळात एक मोठी विश्वासाची योजना होय. शेकडो माणसे आपापल्या ऐपतीप्रमाणे भाग घेतात. धंदा बुडाल्यास भागाच्या रकमेपलीकडे त्यांच्यावर जबाबदारी येत नाही. या सवलतीच्या मोबदल्यात त्यांना कारभाराचा हक्क सोडावा लागतो, आणि तो मूठभर संचालकांच्या हाती जातो. भागधारक मालक म्हणवितो खरा, पण त्याला कोठाराची किल्ली मिळत नाही. वर्षातून एकदा सभेस जाणे, हिशेब वाचणे व हात वर करणे एवढेच त्याचे मालकपण. ही योजना सचोटीने चालली म्हणजे काय साधते याचा दाखलाही लोणावळ्यासच आहे. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली नोंदली गेली. संस्थानिकांपासून व्यापाऱ्यांपर्यंत हिंदी लोकांनी तिचे भाग घेतले. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास कामाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून खोपोलीस उतरविण्यात आले, आणि १९१५ साली त्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. एकट्यादुकट्याच्या थैलीतून असे काम उभे राहते ना. एवंच, दोष भागभांडवलाच्या कल्पनेत नाही. कारभार बिघडल्यावर त्याला जाब विचारण्याची सोय आहे की नाही, हा खरा मुद्दा आहे.

ती सोय किती तोकडी होती याचा पहिला मोठा धडा मुंबईकरांस १८६५ साली मिळाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला व देशावरचा माल थेट बंदराकडे धावू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि त्या पुरावर बँका, भरणीच्या कंपन्या व पेढ्या बुडबुड्यांसारख्या उठल्या. समुद्रात भर घालावयास निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध थांबले. कापूस कोसळला, आणि १ जुलै ही वायद्यांची तारीख उगवली तेव्हा देणेकरीच सर्वत्र दिसू लागले. घेणेकऱ्यांस विचारणारा कोणी उरला नाही.

या पडझडीत बँक ऑफ बॉम्बेची कथा सर्वांत बोधप्रद आहे. १८४० साली निघालेल्या या बँकेत सरकारचे स्वतःचे भाग होते व काही संचालकही सरकार नेमीत असे. त्यामुळे सामान्य भागधारकास ती सरकारी तिजोरीइतकीच सुरक्षित वाटे. पण १८६३ च्या कायद्याने तिच्या कर्जव्यवहारावरील जुनी बंधने सैल झाली, भांडवल वाढविण्यात आले, आणि कंपन्यांच्या भागांच्या तारणावर भराभर कर्जे दिली गेली. त्या काळच्या सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद हे या बँकेच्या संचालकांपैकी एक होते. तारण म्हणून घेतलेले भाग रद्दीच्या किमतीस आले तेव्हा बँकेचे जवळजवळ सर्व भांडवल त्यांच्याबरोबर वाहून गेले. १८६८ साली सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी कमिशन बसले. त्याने साक्षी घेतल्या व चुका कोणाच्या ते लिहून ठेवले. त्याच वर्षी जुनी बँक मोडून त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. भागधारकांच्या हाती एक जाडजूड अहवाल आला. बुडालेला पैसा काही आला नाही.

भागधारकांनी संचालकांस सरळ न्यायालयात का खेचले नाही, असे आजच्या वाचकास वाटेल. त्याचे उत्तर त्याहून बावीस वर्षे आधीच्या एका इंग्रजी निकालात आहे. मँचेस्टर येथे व्हिक्टोरिया पार्क नावाची एक कंपनी निघाली होती. रिचर्ड फॉस व एडवर्ड टर्टन या तिच्या दोन भागधारकांनी संचालकांवर फिर्याद केली. संचालकांनी आपल्याच जमिनी भारी किमतीस कंपनीच्या गळ्यात घातल्या, असा त्यांचा आरोप होता. फॉस विरुद्ध हार्बॉटल या नावाने प्रसिद्ध असलेल्या या दाव्याचा निकाल १८४३ साली लागला. न्यायाधीश विग्रॅम यांच्या म्हणण्याचे सार असे की, नुकसान झाले असेल तर ते कंपनीचे झाले आहे. तेव्हा फिर्याद करावयाची तर ती कंपनीनेच केली पाहिजे. कंपनीने ती करावी की नाही हे बहुमताने ठरावयाचे. दोघा भागधारकांनी उठून कंपनीच्या नावाने न्यायालयाचे दार ठोठावणे हे कायद्यास संमत नाही.

या तत्त्वामागे शहाणपण नव्हते असे नाही. प्रत्येक नाराज भागधारकास दावा लावण्याची मुभा दिली तर एका कंपनीवर शंभर दावे उभे राहतील आणि धंदा करावयाचा सोडून संचालक कचेऱ्यांतच बसतील. शिवाय सभेने जे ठरविता येते ते न्यायाधीशाने का ठरवावे, असाही प्रश्न होता. परंतु या तत्त्वाची दुसरी बाजू विपरीत होती. ज्यांनी कंपनी लुटली त्यांच्याच हाती बहुमत असेल, तर कंपनी त्यांच्यावर फिर्याद कशी करणार? चोराने आपल्यावर फिर्याद करण्याचा ठराव मांडावा व त्यास अनुमोदनही आपणच द्यावे, असाच हा प्रकार झाला.

हा पेच न्यायालयांच्याही ध्यानात आला व हळूहळू अपवाद निघाले. बेकायदा किंवा कंपनीच्या अधिकाराबाहेरचे कृत्य बहुमताने पवित्र होत नाही, आणि बहुमतवाल्यांनी अल्पमतवाल्यांची लबाडीने लूट केली तर एकट्या भागधारकासही दाद मागता येते, असे ठरले. १९१६ साली कॅनडातील एक दावा प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. टोरंटो येथील एका बांधकाम कंपनीच्या तिघा संचालकांनी कंपनीस मिळणारे रेल्वेचे काम परभारे स्वतःच्या नावावर घेतले, आणि नंतर बहुमताच्या जोरावर सभेत ठराव करून घेतला की त्या कामाशी कंपनीचा काही संबंध नाही. प्रिव्ही कौन्सिलने तो ठराव मानला नाही. त्या कामाचा लाभ कंपनीचाच होय, असा निकाल दिला. हिंदुस्थानातील न्यायालयांवरही प्रिव्ही कौन्सिलचा शब्द बंधनकारक असल्याने हा अपवाद येथेही रुजला. तथापि लबाडी सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादीवर होते, दप्तर प्रतिवादीच्या कपाटात होते, आणि वकिलाची फी मात्र भागधारकाच्या खिशातून जावयाची होती.

हिंदुस्थानात या अडचणीत आणखी एक भर होती. ती म्हणजे मॅनेजिंग एजंटांची पद्धत. कंपनी कागदोपत्री संचालकांच्या हाती असे, पण तिचा सगळा कारभार दीर्घ मुदतीच्या कराराने एखाद्या पेढीकडे दिलेला असे. विक्रीवर अगर नफ्यावर दलाली घेणारी ही पेढी पिढ्यान्‌पिढ्या गादी चालवी. या पद्धतीने अनेक गिरण्या उभ्या केल्या हे खरे, आणि अनेक गिरण्यांचा रस तिनेच शोषून घेतला हेही खरे. १९१३ च्या कंपनी कायद्यात १९३६ साली दुरुस्ती होऊन एजंटांच्या कराराची मुदत वीस वर्षांवर आणली गेली. पण पीडित भागधारकास त्या कायद्याने जो मोठा उपाय दिला होता, तो म्हणजे कंपनी मोडून टाकावी असा अर्ज करणे. रोग बरा करावयाचा तर रोग्यासच मारावे, असे हे औषध होते. कंपनी मोडली म्हणजे सावकार आपले पैसे प्रथम काढून घेणार, आणि शेवटी उरलासुरला चोथा भागधारकाच्या वाट्यास येणार. अर्थात या उपायाकडे वळण्याचे धैर्य थोड्यांसच होई.

लोणावळ्याचा घाट चढून आलेला लोहमार्ग पुण्यावरून पुढे सोलापुरास जातो. या इतिहासातील सर्वांत नाट्यमय प्रकरण त्या गिरणगावात घडले. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला गावात जुनी गिरणी म्हणत, ही एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत उभी राहिली होती व गावाचा मोठा भाग तिच्यावर जगत होता. १९४९ साली माल साचला, पैशाची टंचाई झाली, आणि संचालकांनी कामगारांस नोटीस देऊन २७ ऑगस्ट रोजी गिरणी बंद केली. हजारो घरांच्या चुली विझण्याची वेळ आली. ऑक्टोबरात सरकारने कंट्रोलर नेमला. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे भारताचे संविधान अमलात येण्याच्या अवघ्या सतरा दिवस आधी, खास या एका कंपनीसाठी वटहुकूम निघाला. पुढे एप्रिलात संसदेने त्याचा कायदा केला. गैरकारभार व हयगय यांमुळे आवश्यक मालाच्या उत्पादनास बाध आला आणि लोक बेकार झाले, असे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच नमूद होते.

या कायद्याने जुने संचालक गेले, मॅनेजिंग एजंटांचा करार संपला, आणि सरकारने नवे संचालक नेमले. येथवर सामान्य भागधारकास आनंदच वाटावयाचा. परंतु याच कायद्याने त्याचेही हातपाय बांधले. भागधारकांनी संचालक निवडावयाचे नाहीत, त्यांनी केलेला ठराव सरकारच्या मंजुरीवाचून चालावयाचा नाही, आणि कंपनी मोडण्याचा अर्जही सरकारच्या संमतीवाचून करता यावयाचा नाही, अशी व्यवस्था झाली. ज्यांनी कारभार बिघडविला त्यांच्याबरोबर, ज्यांचे त्यात नुकसान झाले तेही अधिकारहीन झाले. त्यानंतर नव्या संचालकांनी आणखी एक पाऊल टाकले. शंभर रुपयांच्या प्रेफरन्स भागांपैकी निम्मी रक्कम भरावयाची राहिली होती. भागामागे पन्नास रुपयांचा तो हप्ता त्यांनी मागितला. म्हणजे ज्या कंपनीच्या कारभारात आता आपला शब्दही चालत नाही, तिच्यातच आणखी पैसा ओतावा, असे भागधारकास सांगण्यात आले.

यातून दोन निरनिराळे दावे उभे राहिले. चरणजितलाल चौधरी या भागधारकाने नव्या संविधानाच्या आधारे थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. देशात गिरण्या पुष्कळ असता एकट्या या कंपनीसाठी वेगळा कायदा करणे हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे त्याचे म्हणणे होते. ४ डिसेंबर १९५० रोजी पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी अर्ज फेटाळला व दोघांनी विरुद्ध मत नोंदविले. विशेष परिस्थितीत एकच कंपनी हाही एक वर्ग मानता येतो, हे त्या निकालातील तत्त्व पुढे घटनाशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ करावे लागले. दुसरा दावा द्वारकादास श्रीनिवास या प्रेफरन्स भागधारकाचा. त्याने स्वतःसाठी व आपल्यासारख्या इतर भागधारकांसाठी मुंबई उच्च न्यायालयात नव्या संचालकांच्या त्या हप्त्याच्या मागणीस आव्हान दिले. तेथे तो हरला, अपिलातही हरला. परंतु त्याने हातचे सोडले नाही. १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कारभार काढून घेण्याच्या नावाखाली कंपनीची मालमत्ताच भरपाईवाचून काढून घेतली गेली आहे, सबब हा कायदा संविधानाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरविले.

पन्नास रुपयांच्या हप्त्यासाठी भांडणाऱ्या एका भागधारकाने संसदेचा कायदा रद्द करविला, ही गोष्ट लहान नव्हे. तिचे पडसाद दूरवर उमटले. १९५५ साली संविधानाची चौथी दुरुस्ती झाली. लोकहितासाठी अगर कारभार सुधारण्यासाठी मालमत्तेची व्यवस्था ठराविक मुदतीपुरती सरकारने हाती घेतल्यास त्या कायद्यास मूलभूत हक्कांचा बाध येऊ नये, अशी तरतूद तिच्यात करण्यात आली. सोलापूरच्या गिरणीवरून जे भांडण लागले त्याचे उत्तर संसदेस संविधानातच लिहावे लागले. तरीही कामगाराचे पोट आणि भागधारकाचा हक्क या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न त्या उत्तराने सुटला असे कोणी म्हणणार नाही.

इकडे कंपनी कायद्यातही बदल होत होते. १९४८ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर १९५१ साली भारतात नवे कलम आले व १९५६ च्या कायद्यात ते अधिक विस्ताराने बसविले गेले. शंभर भागधारकांनी अगर एक दशांश भागधारकांनी मिळून, जुलमी किंवा बेबंद कारभाराविरुद्ध न्यायालयाकडे जावे, आणि न्यायालयाने कंपनी न मोडता कारभार दुरुस्त करावा, अशी ही योजना. रोग्यास न मारता रोगावर औषध देण्याची सोय ती हीच. १९७० साली मॅनेजिंग एजंटांची पद्धतही कायद्याने कायमची बंद झाली.

तथापि एक उणीव राहिलीच. विखुरलेल्या हजारो भागधारकांनी एकत्र येऊन बुडालेल्या पैशाची भरपाई मागावी, अशी वाट भारतीय कायद्यात नव्हती. ती उणीव ७ जानेवारी २००९ रोजी उघडी पडली. त्या दिवशी हैदराबादच्या सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली, आणि भागाची किंमत पाहता पाहता कोसळली. सत्यमची रोखेपत्रे न्यूयॉर्कच्या बाजारातही विकली जात. तेथील गुंतवणूकदारांनी सामुदायिक दावा लावला. २०११ साली कंपनीने त्यांना साडेबारा कोटी डॉलर देऊन समेट केला, व हिशेबतपासनीसांनीही अडीच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली. एकाच कंपनीचे, एकाच खोट्या हिशेबाने फसलेले भारतीय भागधारक मात्र रिकाम्या हातांनी पाहत राहिले. अखेर २०१३ च्या कंपनी कायद्यात सामुदायिक दाव्याचे कलम आले, आणि ते प्रत्यक्षात १ जून २०१६ पासून अमलात आले. त्यात भागधारकांबरोबर ठेवीदारांनाही स्थान मिळाले. फॉस व टर्टन यांना नाकारलेले दार असे एकशेत्र्याहत्तर वर्षांनी येथे पुरते उघडले.

परंतु दार उघडले म्हणजे आत येणारा मनुष्य हजर असतोच असे नाही, आणि याचे प्रत्यंतर कोरीगडाखालील त्या नगराच्या प्रकरणात येते. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी २००८ पासून, पुढे इच्छा झाल्यास भागांत रूपांतर करून घेता येतील असे कर्जरोखे विकले. सुमारे तीन कोटी लोकांकडून चोवीस हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. हे लोक आज सावकार व उद्या भागधारक, अशा दुहेरी नात्याचे होते. यांपैकी बहुतेक लहान गावांतील, अल्प मिळकतीचे म्हणून सांगितले गेले. २००९ साली समूहातील तिसऱ्याच एका कंपनीने भागविक्रीसाठी कागदपत्रे दाखल केली, तेव्हा या रोख्यांची गोष्ट भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या नजरेस आली. जनतेस रोखे विकावयाचे तर आमच्या नियमांनी विकले पाहिजेत, असे सेबीचे म्हणणे. ही खाजगी विक्री होती, असे कंपन्यांचे म्हणणे. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. राधाकृष्णन व न्या. केहर यांनी निकाल दिला. सर्व पैसा पंधरा टक्के व्याजाने सेबीमार्फत परत करावा, आणि ज्यांचा पत्ता लागणार नाही त्यांची रक्कम सरकारजमा व्हावी, असा तो हुकूम होता.

हा खटला गुंतवणूकदारांपैकी कोणी चालविलेला नव्हता. तो सेबीने चालविला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सोलापुरात एक भागधारक उभा राहिला व त्याच्या नावाने सर्वांस न्याय मिळाला. येथे तीन कोटी नावे होती आणि त्यांच्या वतीने एक सरकारी संस्था उभी राहिली. कंपन्यांनी गुंतवणूकदारांची कागदपत्रे म्हणून १२७ मालमोटारी भरून खोकी सेबीकडे पाठविली. न्यायालयाने नमुन्यादाखल यादी पाहिली तेव्हा पत्ते अपुरे व नोंदी मोघम आढळल्या, आणि ही माणसे खरोखर आहेत काय, अशी शंका निकालपत्रातच उमटली. पैसा वेळेवर भरला गेला नाही म्हणून समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांची ४ मार्च २०१४ रोजी तिहार तुरुंगात रवानगी झाली, आणि २०१६ साली ते पॅरोलवर बाहेर आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅम्बी व्हॅली जप्त झाली व एप्रिलात लिलावाचा हुकूम निघाला. त्या लिलावाची गत वर आलीच आहे. सुब्रत रॉय यांचे निधन १४ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईत झाले. २०२५ च्या एप्रिलात अंमलबजावणी संचालनालयाने अ‍ॅम्बी व्हॅलीतील ७०७ एकर जमिनीवर टाच आणली.

लिलाव फसला तरी निरनिराळ्या मार्गांनी वसूल झालेला पैसा थोडा नव्हता. मार्च २०२३ अखेर सेबीच्या खात्यात व्याजासह पंचवीस हजार कोटींच्या वर रक्कम जमली होती. परत मागणारे अर्ज मात्र वीस हजारांच्या आतच आले. त्यांपैकी साडेसतरा हजारांच्या आसपास अर्जांवर मिळून सुमारे १३८ कोटी रुपये अकरा वर्षांत परत गेले. बहुतेकांस आम्ही आधीच पैसे परत केले होते, असे कंपन्या सांगत. खेड्यातल्या गुंतवणूकदारास वृत्तपत्रातील जाहिरात व अर्जाचा नमुना कसा गाठावयाचा, असे दुसरे म्हणत. कारण कोणतेही असो, न्याय जिंकला गेला होता आणि तो नेण्यास मालक पुढे येत नव्हता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच निधीतील पाच हजार कोटी रुपये सहाराच्या सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी वळविण्यास संमती दिली.

१८६५ च्या भागधारकास उपाय नव्हता. १९५० च्या भागधारकास उपाय होता, परंतु तो मिळविण्यास मुंबईपासून दिल्लीपर्यंत साडेतीन वर्षांची चिकाटी लागली. एकविसाव्या शतकातील गुंतवणूकदारास कायदा, नियामक संस्था व सामुदायिक दावा ही तिन्ही साधने मिळाली, तेव्हा असे दिसून आले की दाद मागण्याच्या मुळाशी एक अगदी साधी वस्तू असावी लागते. ती म्हणजे ज्याचा पैसा आहे त्याचे खरे नाव व पत्ता असलेली नोंद, आणि ती नोंद स्वतः जपून ठेवणारा जागरूक मनुष्य. द्वारकादासांच्या हाती आपल्या नावाचा भाग होता, हप्त्याची मागणी आलेली होती, आणि ती का देऊ नये हे सांगण्याची त्यांची तयारी होती. तेवढ्या आधारावर ते संसदेच्या कायद्यापुढे उभे राहू शकले.

पैसा गुंतविताना लोक व्याजाचा दर बारकाईने पाहतात. हाती आलेला कागद कोणत्या कंपनीचा, तो भाग की रोखा, त्यावर नोंदणी कोणाची व तो विकणाऱ्यावर देखरेख कोणाची, हे मात्र नंतर पाहू म्हणून राहून जाते. कोरीगडाच्या तटावरून खालचे ते नगर आजही नीट दिसते. जमीन आहे, तळी आहेत, बंगले आहेत. न्यायालयाचा निकालही दप्तरी आहे. ज्यांच्यासाठी तो निकाल झाला त्यांपैकी पुष्कळांची नावे मात्र त्या १२७ मालमोटारींतून आलेल्या खोक्यांतच राहिली.